दहा दिवसांचे विपश्यना शिबिर: तयारी, बैठक आणि समता

विपश्यना म्हणजे स्वतःच्या शरीर-मनात जे घडते ते जसेच्या तसे पाहण्याची बौद्ध ध्यानपद्धत. तिच्या दहा दिवसांच्या निवासी शिबिराला निघालेल्या माणसाला घरचे-दारचे लोक जे प्रश्न विचारतात ते बहुतेक बाहेरच्या गोष्टींचे असतात: दहा दिवस न बोलता कसे राहणार, पहाटे चारला कसे उठणार, रात्रीच्या जेवणावाचून कसे भागणार. या गोष्टी दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतात. शेवटपर्यंत पुरून उरणारा प्रश्न निराळा असतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही: डोळे मिटून बसल्यावर नेमके काय करायचे, आणि आपले जे चालले आहे ते ठीक चालले आहे की नाही हे कोणत्या मापाने ठरवायचे. या लेखात तयारीची आणि दिनक्रमाची माहिती आहेच, पण भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. माझ्या पाहण्यात शिबिर वाया गेल्याची तक्रार करणारे साधक आळशी नसतात. ते भरपूर मेहनत करतात, फक्त त्या मेहनतीचे माप त्यांनी भलतेच धरलेले असते.

येथे जी पद्धत सांगितली आहे ती सयाजी ऊ बा खिन यांच्या परंपरेतील, सत्यनारायण गोयंका यांनी भारतात शिकवलेली आहे. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते आणि सरकारी नोकरी सांभाळून साधना शिकवत असत. १९२४ साली मंडालेत जन्मलेले गोयंका हे व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य त्रासावर कुठेच उतारा पडेना, तेव्हा १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे शिबिराला बसले. १९६९ मध्ये भारतात आल्यावर त्यांनी पहिले शिबिर मुंबईत घेतले, आणि इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर १९७६ पासून शिबिरे होऊ लागली. गोयंकाजींचे २०१३ मध्ये निधन झाले, तरी आजही साधनेच्या सूचना आणि संध्याकाळची प्रवचने त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली जातात, आणि समोर बसलेले सहायक आचार्य साधकांच्या शंका सोडवतात. ही रचना आधीच समजून घेतलेली बरी, कारण ध्वनिमुद्रित आवाज सर्वांना एकच सूचना देतो आणि आपली अडचण आपणहून जाऊन सांगितल्याशिवाय ती आचार्यांना कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

अंतर्दृष्टीच्या साधनेची ही एकच पद्धत आहे असे नाही. ब्रह्मदेशातल्याच महासी सयाडो यांच्या परंपरेत श्वासाबरोबर पोट वर-खाली होते त्याकडे लक्ष ठेवतात आणि जे अनुभवाला येईल त्याची मनात नाव घेऊन नोंद करतात. दोन्ही परंपरा सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या उपदेशाचाच आधार घेतात, पण एकीच्या शिबिरात बसून दुसरीचे प्रयोग करू नयेत. नामजप, प्राणायाम, त्राटक, रेकी यांपैकी ज्याचा सराव असेल ते सगळे या दहा दिवसांपुरते बाजूला ठेवायला सांगतात. त्यात त्या पद्धतींचा अनादर नाही. दोन गोष्टी एकत्र केल्या की कशाचा काय परिणाम झाला हे साधकालाही कळत नाही आणि आचार्यांनाही सांगता येत नाही.

अर्ज आणि पूर्वतयारी

महाराष्ट्रात इगतपुरीखेरीज पुणे, नाशिक, नागपूर, धुळे, कोल्हापूर अशा अनेक ठिकाणी केंद्रे आहेत आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. नव्या साधकाने पहिल्या शिबिरासाठी घराजवळचे केंद्र शोधण्यापेक्षा, पुढे-मागे कामाचा तगादा येणार नाही अशा तारखा आधी शोधाव्यात. अर्जातला आरोग्याविषयीचा भाग लोक घाईने भरतात, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर नाही असे केंद्रे स्पष्ट सांगतात, आणि ही अट केवळ औपचारिकतेची समजू नये. दिवसाचे दहा तास मौनात स्वतःकडे पाहत बसणे हे निरोगी मनालाही जड जाते. पूर्वी नैराश्याचा किंवा तीव्र चिंतेचा आजार झाला असेल, औषधे चालू असतील, तर ते लिहावे आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून मगच जावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे ‘साधनेसाठी’ म्हणून मनाने बंद करण्याचा विचारही करू नये.

शरीराची तयारी साधी आहे. ज्यांचा सगळा दिवस खुर्चीवर जातो त्यांनी निदान महिनाभर आधीपासून रोज वीस-तीस मिनिटे जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय करावी; त्या वेळात ध्यान केलेच पाहिजे असे नाही, वर्तमानपत्र वाचले तरी चालेल. ज्यांना खाली बसणे शक्यच नाही त्यांना खुर्ची मिळते, पण ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू शिबिरात पूर्ण वर्ज्य असल्याने ती आधीच सोडलेली असावी. दिवसाला सहा-सात कप चहा पिणाऱ्यांनीही तो आठवडाभर आधी कमी करत आणावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ठणकणारे डोके साधनेचा परिणाम म्हणून आचार्यांपुढे मांडले जाते आणि त्याचे खरे कारण अचानक तुटलेला चहा असते.

सामानात सैल, अंगभर, साधे कपडे, वास नसलेला साबण, पांघरूण आणि अंथरुणाच्या चादरी, विजेरी, गजराचे साधे घड्याळ आणि नेहमीची औषधे एवढे पुरे होते. इगतपुरीला पावसाळ्यात जाणाऱ्याने कपड्यांचे दोन जोड जास्त घ्यावेत. कसाऱ्याचा घाट चढून वर आलेला पाऊस तिथे थांबायचे नाव घेत नाही आणि दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो. हिवाळ्यात पहाटेच्या बैठकीला शाल हवीच. मोबाइल, पुस्तके, वही, पेन, जपमाळ हे सगळे पोहोचल्यावर जमा करावे लागते. वाचन-लेखनाला पूर्ण बंदी आहे. घरच्यांकडे केंद्राच्या कार्यालयाचा क्रमांक देऊन ठेवावा आणि अकराव्या दिवशी सकाळपर्यंत आपल्याकडून फोन येणार नाही हे निक्षून सांगावे. भरायची बिले, परत करायचे पैसे, द्यायची उत्तरे निघण्याआधी उरकावीत, कारण अर्धवट राहिलेले एकेक काम बैठकीत हजेरी लावल्याशिवाय राहत नाही.

शिबिराला शुल्क नसते. राहण्याजेवणाचा खर्च आधीच्या साधकांनी दिलेल्या दानातून भागतो, आणि ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केले आहे त्याचेच दान स्वीकारले जाते.

दिवस कसा जातो

पोहोचल्याच्या संध्याकाळी नियम समजावून सांगतात, तिसरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे) आणि पंचशील घेतात आणि तेव्हापासून आर्य मौन सुरू होते. हे मौन वाणीपुरते नसते. खाणाखुणा, चिठ्ठ्या, नजरेने विचारपूस हेही त्यात येते. साधनेबद्दल आचार्यांशी आणि खोली, पाणी, प्रकृती यांबद्दल धम्मसेवकांशी, म्हणजे शिबिराची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकांशी, मात्र मोकळेपणाने बोलता येते.

पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा बैठक, मग न्याहारी आणि आंघोळ, आठ ते नऊ सामूहिक साधना, पुढे अकरापर्यंत बैठक, अकराला जेवण, बारा ते एक विश्रांती आणि आचार्यांची भेट, एक ते पाच साधना आणि त्यात अडीच ते साडेतीन पुन्हा सामूहिक. पाचला नव्या साधकांना चहा-दूध, फळ आणि चिरमुरे मिळतात. जुन्या साधकांना फक्त लिंबूपाणी. सहा ते सात सामूहिक साधना, सातला सव्वा तासाचे प्रवचन, नंतर थोडी बैठक, नऊ वाजता प्रश्नांची वेळ आणि साडेनऊला दिवे बंद.

या वेळापत्रकातल्या दोन जागी दिवस घसरतो. पहिली जागा साडेचारची. या बैठकीसाठी बहुधा हॉलमध्ये बसायची किंवा आपापल्या निवासात बसायची मोकळीक असते, आणि निवासात बसणाऱ्याच्या शेजारी अंथरूण असते. पहिले चार-पाच दिवस तरी हॉलमध्येच जावे. दुसरी जागा जेवणानंतरची, एक ते अडीच. यावर उपाय ताटातच करावा लागतो: पोट पाऊण भरले की थांबावे. संध्याकाळी जेवण नाही या धास्तीने अकरा वाजता दुप्पट जेवणारे नवे साधक दुपारभर पेंगतात, आणि त्याला साधनेतला अडथळा असे भारदस्त नाव देतात.

पहिले साडेतीन दिवस: आनापान

सुरुवातीचे काम फक्त श्वासाचे असते. नाकपुड्यांच्या दाराशी लक्ष ठेवायचे आणि श्वास येतो आहे, जातो आहे, एवढे जाणायचे. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, डाव्या नाकपुडीतून असेल तर डाव्या. तो नियमित करायचा नाही, खोल करायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कोणताही शब्द किंवा आकृती जोडायची नाही. श्वास इतका सूक्ष्म झाला की कळेनासा होतो, तेव्हा थोडे श्वास मुद्दाम जोराने घ्यावेत आणि पुन्हा सहज श्वासावर यावे.

मन पळणार. एका श्वासानंतर पळेल, कधी दहा मिनिटे पळालेले कळणारही नाही. कळले त्या क्षणी, का पळाले, कुठे पळाले, पुन्हा पळाले म्हणजे मी किती चंचल, हा पंचनामा न करता पुढचा श्वास धरायचा. पहिल्या दोन दिवसांचे सगळे शिक्षण या परत येण्यात आहे. परत येताना जो वैताग असतो तो हळूहळू कमी होतो की नाही, हे पाहावे. किती वेळ मन टिकले याचा हिशेब ठेवू नये. माप चुकीचे धरण्याची सवय इथेच लागते, आणि पुढे चौथ्या दिवसानंतर ती महाग पडते.

पुढे लक्षाचा प्रदेश आक्रसत जातो. आधी नाक आणि वरचा ओठ मिळून होणाऱ्या त्रिकोणात श्वासाचा स्पर्श कुठे होतो ते पाहायचे असते, आणि मग नाकपुड्यांच्या खाली व वरच्या ओठाच्या वर, मिशीच्या छोट्याशा जागेत, काय जाणवते तेवढेच. इथे बरेच जण अडतात, कारण ते काहीतरी विशेष शोधतात. प्रत्यक्षात अपेक्षित असते ते अगदी साधे: आत जाणाऱ्या श्वासाचा गारवा, बाहेर येणाऱ्याची ऊब, घामाची ओल, हुळहुळणे, खाज, एखादा केस हलल्यासारखे वाटणे. खाज सुटली की हात वर जाऊ लागतो. तो मध्येच थांबवून खाज किती वेळ टिकते, वाढते कशी, सरकते कुठे हे पाहिले, तर पुढच्या सहा दिवसांत जे करायचे आहे त्याची ओळख त्या बोटभर जागेवर होऊन जाते.

एवढ्या लहान जागेवर मन ठेवण्याचे कारणही समजून घ्यावे. क्षेत्र जितके लहान, तितके मन धारदार होते, आणि सबंध शरीराची पाहणी करायला धारदार मन लागते. म्हणून तिसऱ्या दिवशी कंटाळून ‘हे झाले, आता पुढचे कधी’ असे म्हणत बसलेल्याने स्वतःचेच नुकसान केलेले असते.

चौथ्या दिवसापासून: शरीराची पाहणी

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. ही बैठक जवळजवळ दोन तासांची असते आणि त्यात मध्येच उठून जाता येत नाही, त्यामुळे पाणी बेताने पिऊन आणि लघवीला जाऊन यावे.

पद्धत थोडक्यात अशी. डोक्याच्या टाळूपासून सुरुवात करून, दोन-तीन इंचांचा एकेक भाग घेत, लक्ष क्रमाने सबंध शरीरावरून पायाच्या बोटांपर्यंत न्यायचे. प्रत्येक भागात त्या क्षणी जी संवेदना असेल ती जाणायची आणि पुढे सरकायचे. ऊब, गारवा, जडपणा, ताण, ठणका, मुंग्या, खाज, स्फुरण, बधिरता, कपड्याचा स्पर्श, वाऱ्याची झुळूक, काहीही चालते. जिथे काहीच कळत नाही तिथे जास्तीत जास्त मिनिटभर थांबावे, शांतपणे, आणि काही न कळल्याचे जाणून पुढे जावे. अवयवांचा नेमका क्रम आणि पुढच्या दिवसांतले बदल, म्हणजे पायाकडून डोक्याकडे उलटे येणे, दोन्ही हात-पाय एकदम घेणे, जिथे जमेल तिथे धाराप्रवाह फिरवणे, हे सूचनांमध्ये त्या त्या दिवशी येते. ते वाचून ठेवून आधीच करायला जाऊ नये.

तंत्र एवढेच आहे. त्याच्या जोडीला एक अट आहे आणि सगळी साधना त्या अटीवर उभी आहे: जी संवेदना येईल तिच्याबद्दल समता ठेवायची. सुखद असेल तर ती टिकावी अशी ओढ नको, दुःखद असेल तर ती जावी अशी चीड नको, कारण दोन्ही अनिच्च, म्हणजे अनित्य आहेत, येतात आणि जातात. बुद्धाच्या शिकवणीत वेदनेतून, म्हणजे सुखद-दुःखद अशा कोणत्याही संवेदनेतून, तण्हा (तृष्णा) उपजते. एकातून दुसरे उपजत दुःख कसे तयार होते हे सांगणाऱ्या प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीतली हीच कडी या साधनेत तोडायची असते. आपल्याला वाटते की आपण शिवी ऐकून चिडलो किंवा पेढा पाहून लोभावलो. या परंपरेचे म्हणणे असे की मधे शरीरावर एक संवेदना उमटते आणि मन खरी प्रतिक्रिया तिला देते. ते खरे की खोटे हे मानून चालायचे नाही, दहा दिवसांत स्वतः तपासून पाहायचे.

अधिष्ठानाचा तास

विपश्यना सुरू झाली की दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या होतात: तासभर हात, पाय आणि डोळे यांची उघडझाप किंवा हालचाल करायची नाही असा निश्चय करून बसायचे. हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे, कारण लोकांच्या मनातली शिबिराची सगळी धास्ती या तासात गोळा झालेली असते.

समजा, पस्तीस-चाळीस मिनिटे झाली आहेत आणि उजव्या गुडघ्यात कळ उठली आहे. पहिली गोष्ट अशी घडते की लक्ष पाहणीचा क्रम सोडून गुडघ्याकडे धावते. दुसरी, मनात बोलणे सुरू होते: अजून वीस मिनिटे, टेप अडकली असेल काय, डॉक्टर म्हणाले होते की लिगामेंट, उद्यापासून खुर्ची मागू. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: जबडा आवळला जातो, खांदे वर जातात, श्वास अडतो, पोट कडक होते. दुखते आहे गुडघा, आणि लढायला उभे राहिले आहे सबंध शरीर.

अशा वेळी आधी जबडा, खांदे, पोट यांवरून लक्ष फिरवून ते सैल पडू द्यावेत. मग नेहमीचा क्रम धरावा आणि गुडघ्याची पाळी येईल तेव्हाच तिथे जावे. कळ फारच बोलावत असेल तर एकदा तिच्यापाशी मिनिट-दोन मिनिटे जाऊन नीट पाहावे: ती नेमकी कुठे आहे, वाटीच्या आतल्या बाजूला की मागच्या लवणीत, तिची कड कुठे संपते, मधोमध ती सलग आहे की ठणक्याठणक्याने येते, एका ठणक्यानंतर दुसरा येईपर्यंत काय असते. दुरून पाहताना जो एक घट्ट दगड वाटत होता त्यात उष्णता, ओढ, कंप असे वेगवेगळे धागे दिसू लागतात आणि ते सतत बदलत असतात. कधी कळ विरघळते, कधी जशीच्या तशी राहते. विरघळली म्हणून यश आणि राहिली म्हणून अपयश असे मुळीच नाही. ती विरघळावी यासाठीच पाहणे चालू असेल, तर ते पाहणे म्हणजे सभ्य वेशातली चीडच होय.

हा तास स्वतःला शिक्षा देण्यासाठी नाही. पहिल्या एक-दोन बैठकांत दोन-तीनदा पाय हलवावा लागला तर हलवावा, पुढच्या वेळी एकदा, मग एकदाही नाही, असे करत जावे. बैठक संपून उठल्यावर, चार पावले चालल्यावर जे दुखणे निवळते ते बैठकीचे. जे उठल्यावरही राहते, सुजते, पायात वीज गेल्यासारखे चमकते किंवा पाय टेकवू देत नाही, ते सांध्याचे, आणि तिथे निश्चय चालवू नये. आचार्यांना सांगून उंच आसन किंवा खुर्ची घ्यावी. खुर्चीवर बसून केलेल्या साधनेत काडीचेही कमी पडत नाही, हे मी ठासून सांगतो, कारण खुर्ची मागायची लाज बाळगून गुडघा धरून घरी जाणारे लोक मी पाहिले आहेत.

पाच शत्रू, आणि एक गोड शत्रू

सुत्तांमध्ये साधनेतले पाच अडथळे सांगितले आहेत: कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्च-कुक्कुच्च आणि विचिकिच्छा, म्हणजे ओढ, चीड, सुस्ती, अस्वस्थता व पश्चात्ताप, आणि संशय. शिबिरात हे पाचही हजेरी लावतात. सुस्ती आली तर श्वास थोडे जोरात घ्यावेत, डोळ्यांवर पाणी मारावे, बैठकीच्या बाहेर चार फेऱ्या माराव्यात. अस्वस्थता असेल तर शरीराची पाहणी काही काळ थांबवून आनापानावर यावे. मन निवळले की पुन्हा टाळूपासून सुरुवात करावी. हे मागे जाणे नाही, हत्याराला धार लावून घेणे आहे.

संशय मात्र हुशार असतो. तो ‘मला झोप येते’ असे म्हणत नाही. तो म्हणतो की ही पद्धत ठीक आहे, पण माझ्या प्रकृतीला नाही, किंवा एवढ्या सूचना सारख्याच का, किंवा सामूहिक वातावरणाचा हा परिणाम तर नाही. दुसरा आणि सहावा दिवस अनेकांना जड जातो आणि बॅग भरण्याचा विचार याच वळणावर येतो. शंका चांगलीच असेल तर ती आचार्यांना विचारावी. तात्त्विक वाद मात्र दहाव्या दिवसानंतरसाठी ठेवावेत, कारण वाद चालू असताना पाहणी बंद असते.

सहाव्या-सातव्या दिवसापासून काही साधकांना अंगभर सूक्ष्म, सुखद तरंगांचा प्रवाह जाणवू लागतो. हा सहावा अडथळा. त्याचे नाव सुत्तात नाही, पण मला तोच सर्वांत मोठा वाटतो. गुडघ्याच्या कळेशी समता ठेवायला माणूस शिकतो, कारण तिथे दुसरा इलाज नसतो; या सुखद प्रवाहाशी समता ठेवायचे त्याला सुचतच नाही, कारण त्याला वाटते हेच तर मिळवायचे होते. दुसऱ्या दिवशी तो प्रवाह येत नाही, पाठीत जड ओझे येते, आणि साधक खचतो: काल इतके छान जमले, आज सगळे गेले. खरे तर आजच्या जडपणाकडे तो शांत मनाने पाहू शकला, तर आजची बैठक कालच्यापेक्षा सरस. कोणत्या संवेदना आल्या यावरून प्रगती मोजता येत नाही. आलेल्या संवेदनेला मन किती कमी भुलले किंवा किती कमी चिडले, आणि भुलल्यावर किती लवकर सावरले, एवढेच माप आहे. ज्याला आठवा दिवस ‘काहीच घडले नाही’ असा गेला आणि तरी जो सूचनेप्रमाणे टाळूपासून पायापर्यंत जात राहिला, त्याचे शिबिर उत्तम चालले आहे.

रडू येणे, जुन्या आठवणी उफाळणे, एखाद्या मृत माणसाचा चेहरा दिवसभर समोर राहणे, हेही होते. परंपरेत याला साचलेले संस्कार, म्हणजे मनाच्या जुन्या प्रतिक्रियांचे ठसे, वर येणे म्हणतात. गोष्टीत न शिरता त्या क्षणी छातीत, घशात, पोटात काय जाणवते तिकडे यावे. पण सलग दोन रात्री अजिबात झोप न लागणे, भास होणे, थांबेना अशी धडधड किंवा भीती, आपण आपल्यात नसल्यासारखे वाटणे, यांतले काही झाले तर ‘समता ठेवतो’ म्हणत एकटे बसू नये. त्याच वेळी, रात्री असले तरी, धम्मसेवकामार्फत आचार्यांना कळवावे. साधना कमी करणे किंवा काही काळ थांबवणे हाही त्यांच्या सल्ल्याचा भाग असू शकतो आणि तो मानावा.

आचार्यांना काय विचारावे

दुपारच्या भेटीची वेळ थोडी असते. त्यामुळे ‘मला कसेतरी होते’ यापेक्षा ‘कमरेखाली काहीच जाणवत नाही आणि तिथे मी चिडतो’ असे सांगितले, तर उत्तर उपयोगी मिळते. कोणत्या भागात, काय, किती वेळ, आणि त्याला मनाची प्रतिक्रिया काय, एवढे चार तुकडे पुरतात. उत्तर बहुतेक वेळा एका वाक्याचे असते आणि ते आधी ऐकलेलेच असते. त्याने खट्टू होऊ नये. प्रश्न आपल्या तोंडून स्पष्ट झाला हाच अर्धा लाभ आहे. गोयंकाजींची मूळ प्रवचने हिंदीत आणि इंग्रजीत आहेत; ज्यांना मराठीतून ऐकायची आहेत त्यांनी तशी सोय आहे का, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे.

दहावा दिवस आणि त्यानंतर

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचे भले व्हावे अशी भावना करणे, शिकवली जाते आणि मग मौन सुटते. मैत्रीभावना मन व शरीर शांत असताना करायची असते. अंग ठणकत असेल किंवा मन चिडलेले असेल तर ती सोडून द्यावी आणि फक्त पाहणी करावी. मौन सुटताच जो कलकलाट होतो त्यात प्रत्येक जण आपला अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशी ताडून पाहू लागतो, आणि दहा दिवस टाळलेली तुलना जेवणाच्या रांगेत दहा मिनिटांत होऊन जाते. गप्पा खुशाल माराव्यात, पण ‘तुला काय जाणवले’ हा प्रश्न टाळावा. दहावा दिवस सामाजिक जीवनात परतण्यासाठी मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणून त्या दुपारी निघून जाण्याची परवानगी मागू नये.

अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते. लगेच रात्रपाळी, लग्न किंवा लांबचा वाहन चालवण्याचा प्रवास ठेवू नये. एक दिवस मोकळा असावा. मोबाइल हातात आल्यावर साचलेले सगळे निरोप प्लॅटफॉर्मवरच वाचायची गरज नसते. घरच्यांना साधना शिकवण्याचा उत्साह येतो, तोही आवरावा. त्यांच्यासाठी त्यांचे शिबिर आहे, आणि आपल्या वागण्यात काही फरक पडला असेल तर तो त्यांना न सांगताही कळतो.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगितले जाते, आणि झोपताना व जागे झाल्यावर पाच मिनिटे अंथरुणातच संवेदना पाहाव्यात. नोकरी आणि मुले सांभाळणाऱ्याला हे दोन तास अवघड जातात. माझे मत असे की संध्याकाळची बैठक अर्ध्या तासाची झाली तरी चालेल, पण सकाळची पूर्ण तासाची सोडू नये, कारण सकाळी सुटलेली बैठक दिवसात पुन्हा सापडत नाही. आठवड्यातून एकदा जवळच्या सामूहिक साधनेला जावे. मुंबई परिसरातल्या साधकांना गोराईच्या ग्लोबल विपश्यना पगोड्यात एकदिवसीय शिबिराला बसता येते. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या पगोड्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि तिथे सुमारे आठ हजार साधक एकत्र बसू शकतात. या एकदिवसीय शिबिरांना दहा दिवसांचे किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांनाच प्रवेश असतो.

दुसऱ्या शिबिरापासून साधक जुना ठरतो. तेव्हा पाचाऐवजी आठ शीले घ्यावी लागतात, म्हणजे दुपारी बारानंतर भोजन नाही आणि पाच वाजता चिरमुऱ्यांऐवजी लिंबूपाणी. ज्यांना पित्ताचा, मधुमेहाचा किंवा गोळ्या अन्नाबरोबर घेण्याचा प्रश्न आहे त्यांनी तो अर्जात लिहावा आणि पोहोचल्यावर आचार्यांनाही सांगावा, म्हणजे त्यांच्यापुरती वेगळी सोय करता येते.